ग्रंथालयातल्या पाट्या आणि आपल्या प्रश्नावल्या

ग्रंथालयशास्त्रात पीएचडी करायची म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यापैकी काही जणांनी मला अलीकडे विचारलं, की 'सार्वजनिक ग्रंथालयातील मार्गदर्शक फलक' हा विषय घ्यावा का? विषय सोपा वाटतो. पाट्या मोजायच्या, वाचकांना विचारायचं, टक्केवारी काढायची आणि शेवटी 'फलकांची संख्या वाढवावी' अशी शिफारस करायची. विषय जरूर घ्या. पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा ज्या रीतीनं हाताळला जातो, ती रीत मुळातच चुकते असं माझं मत आहे. हे मत मी पुस्तकातून घेतलेलं नाही. माझं पहिलं पायलट मी त्याच रीतीनं केलं होतं आणि ते टाकून द्यावं लागलं.

आधी तेच सांगते. तालुक्याच्या गावातलं एक बऱ्यापैकी ग्रंथालय. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचक स्वतः कपाटांपर्यंत जाऊन पुस्तक घेऊ शकतो. मी पंधरा प्रश्नांची प्रश्नावली केली, नेहमीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी लावली ('पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत) आणि देवघेव विभागाच्या काउंटरशेजारी उभी राहिले. 'ग्रंथालयातील फलक पुरेसे आहेत', 'फलकांची भाषा समजते', 'हवे ते पुस्तक सहज सापडते'. लोक चांगले होते, थांबून भरून देत होते. बहुतेकांनी 'सहमत'वर खूण केली. मी खूश. मॅडमना तक्ता दाखवला, त्यांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "जे रिकाम्या हातानं परत गेले, ते यात कुठं आहेत?"

कुठंच नव्हते. मी काउंटरशेजारी उभी होते आणि काउंटरवर तोच येतो ज्याला पुस्तक सापडलंय. ज्यांची वाट चुकली नाही त्यांनाच मी विचारत होते, की वाट चुकते का.

मग मी काउंटर सोडला आणि दाराजवळच्या बाकावर, वर्तमानपत्रांच्या शेजारी बसायला लागले. एका दुपारी एक शेतकरी आले. दारावरच्या काकांशी बोलले तेव्हा कळलं, की डाळिंबावरच्या तेल्या रोगावर काही वाचायला मिळेल का ते बघायला आलेत. काकांनी आत हात दाखवला. गृहस्थ कपाटांमधून फिरले. 'विज्ञान' अशी पाटी होती तिथं बराच वेळ थांबले, दोन-तीन पुस्तकं काढून परत ठेवली. पुढच्या कपाटावर '६००–६९९ उपयोजित विज्ञाने' अशी पाटी होती. ती त्यांनी वाचली, मान वर करून नीट वाचली आणि पुढं गेले. परत आले, पुन्हा वाचली. मग बाहेर पडताना काकांना म्हणाले, "शेतीचं काय ठेवत नसतील इथं."

शेतीची पुस्तकं त्या पाटीखालीच होती, खालच्या दोन फळ्यांवर. ड्युई दशांश वर्गीकरणात शेती ६३० मध्ये येते आणि ६३० हा ६०० चा, म्हणजे तंत्रज्ञान किंवा उपयोजित विज्ञान या वर्गाचा भाग आहे. त्याच ६०० मध्ये वैद्यक ६१० ला आणि पाककृती ६४१ ला. तुम्हा-आम्हाला हे पाठ असतं, नेटला येतं. पण डाळिंबाची बाग जळताना बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात 'उपयोजित विज्ञाने' हा शब्द का यावा? शिवाय पाटीवरचे आकडे देवनागरीत आणि पुस्तकांच्या कण्यावरच्या चिठ्ठ्यांवरचे इंग्रजीत. ही एक वेगळीच गंमत.

माझ्या तक्त्यानुसार मात्र त्या ग्रंथालयात फलक पुरेसे होते आणि त्यांची भाषा समजत होती.

यात मला टोचलं ते हे, की त्या गृहस्थांनी ग्रंथालयाला दोष दिलाच नाही. इथं नसतं, एवढीच समजूत करून घेऊन ते गेले. इतर काही जणांना मी नंतर थांबवून विचारलं, तर 'आम्हालाच कळत नाही हो त्यातलं' असं उत्तर यायचं. वाट न सापडलेला माणूस पाटीला नापास करत नाही, स्वतःला करतो. मग समाधानाच्या मोजपट्टीवर तो 'सहमत' म्हणणार नाही तर काय? आपल्या सर्वेक्षणांतली ही भोकं नुसती तांत्रिक नाहीत. सार्वजनिक ग्रंथालय ज्यांच्यासाठी काढलं, नेमकी तीच माणसं त्यातून गळतात.

आता या विषयातल्या थोड्या जुन्या कामाकडे या. 'वेफाइंडिंग', म्हणजे वाट शोधणं, हा शब्द या अर्थानं रूढ झाला तो केविन लिंच यांच्या १९६० च्या 'द इमेज ऑफ द सिटी' या पुस्तकापासून असं मानतात. ते पुस्तक शहरांबद्दल आहे. इमारतींच्या आतल्या वाटेबद्दल पुढं रोमेदी पासिनी यांनी १९८४ मध्ये 'वेफाइंडिंग इन आर्किटेक्चर' लिहिलं आणि १९९२ मध्ये पॉल आर्थर यांच्याबरोबर आणखी एक पुस्तक. पासिनींचं म्हणणं थोडक्यात असं, की वाट शोधणं म्हणजे एकामागून एक निर्णय घेणं. आत आलो, आता वर की सरळ? वर आलो, आता डावीकडे की उजवीकडे? त्याआधी १९७० मध्ये गॉर्डन बेस्ट यांनी मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये पाहिलं होतं, की माणसं हरवतात ती प्रामुख्यानं अशा निर्णयाच्या जागांशी, जिथं रस्ते फुटतात. म्हणून पाटीची किंमत ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते आणि तो प्रश्न पडतो त्याच जागी ती आहे का, यावर ठरते. पाट्या किती आहेत हा प्रश्न फार नंतरचा.

हे वाचून तुम्हाला वाटेल, बरं, मग निर्णयाच्या जागी नीट पाट्या लावल्या की झालं. इथं मायकेल ओनील यांचा १९९१ चा अभ्यास मध्ये येतो आणि तो मूळातून वाचाच. कमी-जास्त गुंतागुंतीच्या पाच जागा, आणि तिथं पाट्या नसताना, शब्दांच्या पाट्या असताना, चित्रांच्या पाट्या असताना लोक कसे चालतात याची तुलना. पाट्यांचा फायदा स्पष्ट दिसला: चालण्याचा वेग १३ टक्क्यांनी वाढला, चुकीची वळणं ५० टक्क्यांनी आणि मागं फिरणं ६२ टक्क्यांनी कमी झालं. चुका कमी करण्यात शब्दांच्या पाट्या सरस ठरल्या, वेगात चित्रांच्या. इथवर वाचून बरेच जण थांबतात आणि 'ओनील (१९९१) यांच्या मते फलक उपयुक्त आहेत' असं वाक्य संदर्भ साहित्याच्या प्रकरणात टाकतात. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा, की सगळ्यात गुंतागुंतीच्या जागेत पाट्या असूनही लोकांच्या चुका सगळ्यात साध्या जागेत पाट्या नसताना झालेल्या चुकांपेक्षा जास्त होत्या. म्हणजे आराखडाच वाकडा असेल तर पाटी त्याची भरपाई काही प्रमाणातच करते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर 'फलक वाढवावेत' ही आपली आवडती शिफारस किती घाईची आहे ते कळतं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या सिॲटलचं मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही; आराखडे, छायाचित्रं आणि त्यावरचं संशोधन यांवरून बोलते आहे, तेवढी सूट द्या. २००४ च्या मे महिन्यात उघडलेली ही अकरा मजली इमारत रेम कूलहास यांच्या ओएमए या संस्थेची, आणि पाट्यांचं काम ब्रूस माऊ यांच्या डिझाइन संस्थेकडे. म्हणजे पाट्या नंतर सुचल्या, पैसे संपले होते, सुताराला सांगून करून घेतल्या, असं आपल्याकडचं काही तिथं नव्हतं. जगातली नावाजलेली माणसं कामाला होती. इमारतीला पुरस्कार मिळाले. आणि तरीही लोक तिथं हरवू लागले. इतके, की ती इमारत वाट चुकण्याच्या संशोधनाचं पाठ्य उदाहरण झाली. लॉरा कार्लसन, क्रिस्टोफ हॉल्शर, थॉमस शिप्ली आणि रूथ कॉनरॉय डाल्टन यांनी २०१० मध्ये 'इमारतींत हरवणं' याच विषयावर लेख लिहिला, तेव्हा उदाहरणादाखल हेच ग्रंथालय घेतलं.

त्यांचं म्हणणं असं, की माणूस हरवतो तो तीन गोष्टींच्या मेळातून: इमारतीची रचना, माणूस फिरता फिरता डोक्यात तयार करतो तो नकाशा, आणि त्या माणसाची स्वतःची कुवत व सवयी. सिॲटलमध्ये पहिलीच गोष्ट अवघड आहे. एका मजल्याचा आराखडा कळला की वरचा साधारण तसाच असेल, असं आपण सगळेच धरून चालतो. तिथं खालचे पाच मजले एकमेकांसारखे नाहीत, बाहेरच्या भिंतीसुद्धा एकाखाली एक येत नाहीत. लांबच लांब सरकते जिने मधले मजले गाळून वर जातात, त्यामुळं आपण कुठं पोचणार ते आधी दिसत नाही. इमारत उतारावर असल्यानं चौथ्या ॲव्हेन्यूवरून आलात तर पहिल्या मजल्यावर असता आणि पाचव्या ॲव्हेन्यूवरून आलात तर थेट तिसऱ्या. रस्त्यावरून आत पाऊल टाकलं आणि आपण तिसऱ्या मजल्यावर! हे कुठल्या पाटीनं समजावणार?

पण या इमारतीवर नुसती टीका करून पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. सहाव्यापासून नवव्या मजल्यापर्यंत तिथं पुस्तकांचा सर्पिलाकार चढ आहे. ललितेतर सगळी पुस्तकं ०००पासून ९९९पर्यंत एका सलग उतारावर, मध्ये न तुटता. आणि वर्गांक जमिनीवर, रबरी मॅटमध्ये, मोठ्या आकड्यांत. कल्पना करा: हातात चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर ६३४ आहे, तुम्ही चालत राहता आणि पायाखालचे आकडे वाढत जातात. मागं गेलात की कमी होतात. इथं क्रम हीच पाटी आहे. आपल्याकडे ग्रंथालयात खोली संपली की ४०० नंतरचं सगळं वरच्या मजल्यावर, ९०० ओवरीत, आणि चरित्रं अध्यक्षांच्या खोलीत असतात, त्या पार्श्वभूमीवर मला हा चढ फार शहाणपणाचा वाटतो.

मात्र या चढाची अट आहे, की तुमच्या हातात आकडा हवा. ६३४ म्हणजे फळबाग हे ज्याला माहीत आहे किंवा ज्याला कुणी लिहून दिलं आहे, त्याच्यासाठी तो उत्तम आहे. आकडा मिळवायचा कुठं? पाचव्या मजल्यावर, जिथं संदर्भसेवेची माणसं बसतात. त्या जागेचं नाव वास्तुकारांनी ठेवलंय 'मिक्सिंग चेंबर'. नाव वाचून मला तरी आधी खत कारखाना आठवला. तिसऱ्या मजल्याला 'लिव्हिंग रूम' म्हटलंय, ते निदान घरगुती आहे. ज्याला मदत हवी आहे तो माणूस 'मिक्सिंग चेंबर' वाचून तिथं जाईल, असं ज्यांना वाटलं त्यांनी आणि 'उपयोजित विज्ञाने' अशी पाटी रंगवून घेणाऱ्या आपल्या ग्रंथपालांनी एकच चूक केली. दोघांनी पाटीवर स्वतःचा शब्द लिहिला. एकाचा स्टुडिओतला, एकाचा वर्गीकरणाच्या तक्त्यातला. वाचक ज्या शब्दानं मनात विचारतो, तो शब्द दोन्हीकडे नाही.

म्हणूनच या सगळ्या वाचनातून मला एकच निकष उरलेला दिसतो, आणि टीका करताना मी तोच वापरते: पाटी हे वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर आहे की ग्रंथालयाचं स्वतःबद्दलचं निवेदन? 'नियतकालिक विभाग' हे निवेदन आहे. 'मासिकं आणि दिवाळी अंक' हे उत्तर आहे. आणि 'शांतता राखा', 'पिशव्या बाहेर ठेवा', 'मोबाइल बंद ठेवा', 'पुस्तके जागच्या जागी ठेवू नयेत' या तर दोन्हींत बसत नाहीत. माझ्या पायलटमध्ये मी त्या सगळ्या 'फलक' म्हणून मोजल्या होत्या. तुमच्या निरीक्षण तक्त्यात हे प्रकार वेगळे करा. काय करू नये ते सांगणाऱ्या पाट्या भिंतभर असतात आणि कुठं जावं ते सांगणारी एखादी. एकूण आकडा मात्र भरगच्च दिसतो.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये चौथा सिद्धांत मांडला, 'वाचकाचा वेळ वाचवा', तेव्हा त्यात ग्रंथसाठ्याच्या खोलीतल्या मार्गदर्शक पाट्यांचाही विचार होता: मजला, रांग, कपाट, फळी अशा उतरत्या क्रमानं. आपण हे परीक्षेत लिहितो. पण माझ्या त्या ग्रंथालयात कपाटावर पाटी होती, फळीवर नव्हती. 'उपयोजित विज्ञाने' खाली फळीला नुसती 'शेती, फळबाग, जनावरं' अशी चिठ्ठी असती तर पुरेसं होतं. नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, त्यासाठी सिॲटलला जायची गरज नव्हती.

आणखी एक अभ्यास सांगते, कारण त्याची पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल. लॉरेन मँडल यांनी २०१० मध्ये एका सार्वजनिक ग्रंथालयात लोक दारातून आत आल्यावर कुठल्या वाटेनं जातात, ते त्यांच्या नकळत पाहून नोंदवलं आणि त्या वाटा नकाशावर मांडल्या. कुणालाही 'समाधानी आहात का' असं विचारलं नाही. हे मला पटतं. उणीव अशी, की वाट दिसते, हेतू दिसत नाही. एखाद्या कपाटापाशी गर्दी असेल, तर ते सापडायला सोपं म्हणून, की तिथं पंखा आहे म्हणून? आपल्याकडे दुसरी शक्यता अजिबात हसण्यावारी नेऊ नका. त्यामुळं नुसतं पाहणंही पुरत नाही. पाहणं आणि बाहेर पडताना एकच प्रश्न विचारणं, हे दोन्ही लागतं. 'काय शोधायला आला होतात आणि मिळालं का?' बस. मोजपट्टी नको. आणि ग्रंथपालांची लेखी परवानगी घ्या, नावं नोंदवू नका. माणसांच्या मागं मागं फिरायचं असेल तर हे आधी, नंतर नाही.

इथं एक अडचण आहे, जी परदेशी लेखांत तुम्हाला सापडणार नाही. आपल्या बऱ्याच शासनमान्य ग्रंथालयांत अजून वाचक कपाटांपर्यंत जातच नाही. काउंटरवर नाव सांगायचं किंवा चिठ्ठी द्यायची, आतला माणूस पुस्तक आणून देतो. तिथं निर्णयाची जागा कुठली? रस्ता फुटतो तो काउंटरवर आणि यादीच्या रजिस्टरमध्ये. जो नेमकं नाव सांगू शकतो तो आत पोचला, 'डाळिंबावरचं काहीतरी' म्हणणारा बाहेर राहिला. अशा ग्रंथालयात भिंतीवरच्या पाट्यांचा अभ्यास करून काहीच हाती लागणार नाही. तिथली पाटी म्हणजे काउंटरवरचा माणूस आणि त्याच्यासमोरचं रजिस्टर. अभ्यास त्यांचा करायला हवा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'सार्वजनिक ग्रंथालय' असं सरसकट लिहिलं असेल, तर मुक्तद्वार कोणती आणि बंदिस्त कोणती हे आधी वेगळं करा, नाहीतर दोन वेगळ्या गोष्टींची सरासरी निघेल. गाइडनी पहिल्याच बैठकीत हे विचारलं नाही तर मौखिकीत परीक्षक विचारतील.

माझ्या नव्या पायलटची सुरुवात मी दारावरच्या काकांपासून केली. मॅडमची सूचना नव्हती, मलाच उशिरा सुचलं. शिक्षण सातवीपर्यंत, पण आत येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न त्यांच्याच कानावर पडतो. मी त्यांना एक वही दिली आणि विनंती केली, की लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहा, शुद्धलेखन बघू नका. पहिल्या पानावर असं आहे: 'पोलीस भरतीचं', 'गाईचं', 'लहान मुलांचं कुठंय', 'सातबारा कसा वाचायचा', 'संडास', 'ते दिवाळीचं आलं का', 'बायकांच्या दुखण्याचं'. यातला एकही शब्द त्या ग्रंथालयातल्या कुठल्याच पाटीवर नाही. संडाससुद्धा 'प्रसाधनगृह' आहे.

ग्रंथपालांना मी ते पान दाखवलं. त्यांनी 'बायकांच्या दुखण्याचं' वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे असं पाटीवर कसं लिहायचं?" प्रश्न खरा आहे. ती पुस्तकं शोधणारी बाई मोठ्या अक्षरातल्या अशा पाटीखाली उभी राहील का, हे मलाही ठरवता येत नाही. तूर्त आम्ही फळीच्या कडेला 'स्त्रियांचं आरोग्य' अशी लहान चिठ्ठी लावली आहे आणि शेतीच्या फळीला दुसरी, त्यावर मोठ्या अक्षरांत 'शेती, फळबाग, गाई-म्हशी'. आकडे खाली, बारीक, कण्यावर आहेत तसेच इंग्रजीत. वहीत काकांचं लिहिणं चालू आहे.